बोल्टची मोठी मूठ

४ मार्च

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधी माझा कान धर आणि मग वाच. वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं ते तू एका ओळीत उरकलंस. मला सविस्तर कळव.

आता कामाचं. आप्पांची रायफल त्यांच्या लेकीच्या हातात छान चालली आहे. दोन स्पर्धांत माझा नेम बरा लागला, पण झटपट फेरीत मी मार खाते. ठरलेल्या वेळात दहा गोळ्या झाडायच्या आणि प्रत्येक गोळीनंतर रिकामं काडतूस काढायला नळीमागचा बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. शेजारच्या बायका हे असं करतात की जणू दाराची कडीच काढताहेत. माझं मात्र कुस्तीसारखं होतं. त्यांच्या बोल्टला लिंबाएवढ्या मुठी आहेत आणि माझा आप्पांनी घडवलेला गोळा सुपारीएवढा. फेरी संपेपर्यंत तळहात लाल होतो.

मामंजींनीच सुचवलं की दादाला सांगून मोठी मूठ बसवून घे. ते म्हणाले, सासऱ्याने सुचवलं म्हणून तरी तो करील. माप सोबत आहे. तुझ्यासारखा बंदुकांचा कारागीर घरात असताना बाहेर कशाला जाऊ?

तुझा जीव माझ्यावर आहेच, तो मुठीएवढा तरी ठेव.

तुझी,
नकटी

११ मार्च

चि. नकटीस,
अ. उ. आ.

वहिनीचा गुडघा तिच्यापेक्षा शहाणा आहे. जिने चढू नकोस म्हणतो, ती ऐकत नाही. बाकी ठीक.

मुठीबद्दल माझं मत विचारलं नाहीस तरी ऐक. हातमोजे घालून नेम धरणाऱ्याला मोठी मूठ हवी. दुर्बीण बोल्टलगत खाली बसवली असेल आणि बोटांना जागा उरत नसेल तर हवी. झटपट फेरीतही तिचा थोडा उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठांना ती दुसऱ्याच्या रायफलीवर दिसली म्हणून हवी असते. रानात हिंडणारे तर ती बसवतात आणि महिन्याभरात परत येतात, कारण ती पट्ट्यात अडकते, कोटात अडकते, झुडपात अडकते.

हे सगळं एकीकडे. तुझ्या पत्रातला तळहात लाल झाल्याचा मजकूर मी तीनदा वाचला. तो बोल्ट मी मागच्या वर्षी स्वतः घासून दिला होता आणि दोन बोटांनी उचलला जात होता. दोन बोटांच्या कामाला आता अख्खा तळहात का लागतो? रिकामा असतानाही तो जड जातो का, की गोळी झाडल्यावरच? तेलपाणी कोण करतं? काडतुसं कुठली? मला काहीतरी खटकतंय, आणि काय ते सांगता येत नाही. झाडलेली दहा काडतुसं डब्यात घालून पाठव. तोवर माप माझ्या खणात राहील.

तब्येतीला जप, रागाला जरा आवर.

तुझा,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मूठ मागितली आणि पोलिसी चौकशी मिळाली.

उत्तरं घे. रिकामा बोल्ट अजूनही दोन बोटांनी उचलला जातो. गोळी झाडल्यावरच चिकटतो, तोही दर वेळी नाही. तेलपाणी मी करते. काडतुसं मामंजी घरीच भरतात, दोन वर्षं झाली. रिकाम्या पितळी पुंगळीत ठिणगी देणारी नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस आहे तो. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवलेल्या हातावर तू संशय घेणार असशील तर आत्ताच थांब.

आणि संशयच घ्यायचा तर माझाही ऐक. खरं कारण काडतुसं नाहीत. मोठी मूठ लावायची तर आप्पांचा गोळा कापावा लागेल, आणि ते तुझ्याच्याने होणार नाही. वहिनी मागे म्हणाली होती की त्यांची कानसही तू कुणाला वापरू देत नाहीस. तसं असेल तर तसं सांग, भलत्याच्या माथी कशाला मारतोस?

तुझी अडचण मी सोडवली आहे. इथल्या एका मेकॅनिकने जुन्या गोळ्यावर चढवून स्क्रूने आवळायची मूठ बसवून दिली. कापाकापी नाही. बोल्ट आता लोण्यासारखा उघडतो. मामंजी फार खूश झाले. तुझी दहा काडतुसं डब्यात आहेत, मन भरेपर्यंत बघ.

राग आहे, पण आहे तो तुझ्यावरच, म्हणजे जिव्हाळाही आलाच.

नकटी

२२ मार्च

चि. नकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र हातात पडल्यापासून त्या काडतुसांतली एकही गोळी झाडू नकोस. आधी एवढं कर, मग पुढचं वाच.

दहांपैकी सात काडतुसांच्या टोप्या चपट्या झाल्या आहेत, इस्त्री फिरवल्यासारख्या. चारांच्या बुडावर पितळ दबून चकाकी आली आहे. आत ठरल्यापेक्षा जास्त दारू होती. दाब इतका वाढला की पितळ फुगून नळीच्या भिंतींना चिकटलं, म्हणून तुझा बोल्ट उचलला जात नव्हता. तो बिचारा ओरडून सांगत होता. मोठ्या मुठीने जोर वाढला आणि तू त्याचं तोंड दाबलंस. तुझा चेहरा त्या बोल्टपासून वीतभर असतो.

उरलेली तीन मात्र उत्तम आहेत. एकाच हाताने भरलेली, मग तीन बरोबर आणि सात चूक कशी? चाळीस वर्षांचा घड्याळजी असं करत नाही. एक तर ते मोजतच नाहीत, किंवा गोळी जोरात जावी म्हणून मुद्दाम वाढवतात आणि तुला सांगत नाहीत. माझा संशय तुझ्या सासऱ्यांवर आहे. लिहिताना बरं वाटत नाही, पण मूठ बसव असं कुणी सुचवलं ते तूच पहिल्या पत्रात लिहिलं आहेस.

आप्पांच्या गोळ्याबद्दल तू बरोबर ओळखलंस. तो मला कापायचा नव्हता. ते कारण होतं. पण ते एकटं नव्हतं.

उत्तर लगेच धाड.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दहा दिवस लिहिलं नाही कारण आठ दिवस मी तुझ्याशी मनात भांडत होते. मधे तुझ्या दोन तारा आल्या, दोन्हींना एका शब्दात उत्तर दिलं, तेवढ्यावर तू धीर धरलास. गोळी मात्र एकही झाडली नाही.

तुला खोटं ठरवायचं म्हणूनच मी भरलेली दहा काडतुसं घेऊन औषधवाल्याकडे गेले. त्याच्याकडे बारीक वजनाचा काटा आहे. तो आधी बिचकला, मग गंमत म्हणून तयार झाला. दहाही सारखी भरायला हवीत, पण सहा जड निघाली. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडला असेल. त्याने दुसऱ्या काट्यावर घातली. तीच सहा.

मग मला घरातल्या प्रत्येक गोष्टीचा संशय यायला लागला. मामंजी वर्तमानपत्र घेऊन बसायचे ते वाचत होते की नुसतं धरत होते? जेवताना मला वाढायला का सांगतात? घड्याळांचं दुकान बंद केलं ते खरंच कंटाळून? ह्यांना विचारलं तर म्हणाले, भावाने तुझे कान भरलेत. दोन दिवस आम्ही दोघं नीट बोललो नाही.

काल दुपारी मामंजी काडतुसं भरायला बसले. मी शेंगा सोलायला म्हणून समोर बसले. त्यांनी पारड्यात दारू घातली, वाकले, काटा हलायचा थांबेपर्यंत थांबले आणि बरोबर म्हणून मान हलवली. काटा खुणेच्या दोन रेघा वर होता. दादा, ते काट्याकडे बघतच नव्हते. काट्याच्या जरा बाजूला बघत होते, जिथे त्यांना काहीतरी अंधुक दिसत असेल.

मी शेंगा बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "मामंजी, काटा कुठे आहे?"

ते पारडं माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तू सांग."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दीड वर्षापासून. घड्याळाच्या स्प्रिंगा हाताने कळतात, दारूचं वजन कळत नाही, असं ते म्हणाले. आणि पुढचं मी तुला सांगणार नव्हते, पण आता लपवालपवी पुरे. बोल्ट चिकटतोय हे त्यांना ऐकू येत होतं. नेमबाजीच्या रेंजवर मागे बसून त्यांनी ते ओळखलं होतं. त्यांना वाटलं, एक-दोन काडतुसं जरा जड झाली असतील, मोठी मूठ लावली की सुनेचा त्रास जाईल आणि कुणाला काही विचारावं लागणार नाही. ते रडले नाहीत. मीच रडले. त्यांनी मला पाणी आणून दिलं, आणि पेला टेबलाच्या कडेवर ठेवला, अर्धा बाहेर.

मला त्यांचा संताप येतो आणि त्यांना एकटं सोडवतही नाही. काय करू ते लिही.

तुझी,
नकटी

८ एप्रिल

चि. नकटीस,
अ. उ. आ.

तुझे यजमान रायफल घेऊन आले. येताना माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवून आले होते, पण वहिनीने दोनदा चहा दिल्यावर विरघळले. मी बोल्ट पूर्ण उघडून भिंगाखाली पाहिला. चीर नाही. नळीही धड आहे. तुझं नशीब आणि जुन्या पोलादाची कृपा.

मी मनात फार वाईट चित्र रंगवलं होतं. तुझ्या सासऱ्यांना बेफिकीर म्हणालो, लबाड म्हणता म्हणता थांबलो. निघालं काय, तर भ्यालेला माणूस. तरी चूक ती चूकच, आणि तिने तुझा डोळा गेला असता. तू संताप ठेव, पण डॉक्टरकडे त्यांच्या बरोबर जा. दोन्ही एकदम करता येतं.

घरी भरलेली सगळी काडतुसं मी सांगतो त्या माणसाकडे दे, तो ती नीट नष्ट करील. नवी दुकानातून बंद खोक्यात घे. मूठ ठेवायची की काढायची ते मात्र तू ठरव. दोन्ही प्रकारे फेरी कर आणि घड्याळ लाव. माझ्या मतावर जाऊ नकोस, त्यात आप्पा मिसळले आहेत.

पाठीशी आहे हे लिहायला नको, तरी लिहितो.

दादा

१९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी तुझी हार. दुकानातल्या काडतुसांनी बोल्ट लहान गोळ्यानेही दोन बोटांत उघडतो, हे तुझं खरं. पण मूठ लावून दहा गोळ्यांना चार सेकंद कमी लागतात. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा. म्हणजे मूठ कामाची आहे, नुसती मिरवायची नाही. लिहून ठेव आणि गिऱ्हाइकांना टोमणे मारणं कमी कर.

मामंजींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची पुढच्या महिन्यात. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी तू ह्यांच्याबरोबर परत पाठवलेली चपट्या टोप्यांची काडतुसं मागितली. खिडकीशी बसून एकेक फिरवून बघितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भरण्याचं यंत्र टेबलावरून त्यांनी स्वतः उखडलं. ह्यांनी मदत करू का विचारलं तर नको म्हणाले. त्यानंतर आठवडाभर ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते, आणि मीही त्यांना मुद्दाम सोपं करून दिलं नाही. हे तुलाच सांगते.

रविवारी स्पर्धा होती. मी त्यांना चला म्हटलं नाही, ते आपणहून टोपी घालून दारात उभे राहिले. रेंजवर माझ्या मागे स्टुलावर दुर्बीण घेऊन बसले. गेलं दीड वर्ष ते असेच बसायचे, आणि प्रत्येक गोळीला "सुरेख" म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, सासरा सुनेला उत्तेजन देतोय.

मी पहिली गोळी झाडली. मागे दुर्बिणीची चकती फिरल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आठ. उजवीकडे गेली."

दादा, त्या आठ गुणांनी मला जे झालं ते पुऱ्या दहांनी कधी झालं नव्हतं. डोळे पुसायला मला दुसरी गोळी थांबवावी लागली. पाचवी आले.

वहिनीला नमस्कार, तिच्या गुडघ्यालाही. आहेस तसाच संशयी राहा, मला तुझा संशय लागतो.

तुझी,
नकटी