मोठीचा ताप

अरे, मी धाकट्याकडे दवाखान्यात निघालेय. तुला उठवलं नाही. झोपेत हसत होतास, कितीतरी दिवसांनी.

मोठी आज शाळेत गेली नाही. ताप आलाय म्हणते. थर्मामीटर लावून पाहिला, काही नाही. रागावू नकोस हं तिला. वॉर्डातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या ना, एक मूल आजारी पडलं की दुसरंही आतून तापतं. पहाटे तिला स्वप्न पडलं: तिचा पलंग तरंगत तरंगत धाकट्याच्या खिडकीशी आला, आणि आपण दोघांनी तिला ओळखलंच नाही.

तेव्हा आज सुट्टी टाक. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेव, खऱ्या तापात ठेवतो तशाच. शहाणपणा करून पुन्हा थर्मामीटर लावू नकोस. ‘उतरला’ असं ती स्वतः म्हणेपर्यंत तिच्या उशाशी बस.