ओठांतल्या टाचण्या

८ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चष्म्याच्या दुकानावर नवी पाटी लागल्याचं वाचून बरं वाटलं. पाटीवर स्वतःचा फोटो घातला नाहीस, त्याबद्दल गिऱ्हाइकांच्या वतीने आभार.

इकडची बातमी अशी, की आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात घरी परतणाऱ्या बायकोचं काम करणारी नटी दुसऱ्या कंपनीत गेली आणि दिग्दर्शकांनी ते काम मला विचारलं. मला! विंगेतल्या स्टुलावर बसून सगळ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरला. पाठांतर आहेच, तालमी वाचतील, असं म्हणाले. मी या कंपनीत नटी व्हायला आले होते आणि ‘चार दिवस बसा’ म्हणून त्या स्टुलावर बसवली गेले, हे आता माझ्याशिवाय तुलाच आठवत असेल.

त्या बायकोचं शेवटी एक लांबलचक भाषण आहे. नवरा समोर उभा असतो, आणि ती इतकी वर्षं कुठे होती ते सांगते. ते मी भाजी चिरताना म्हणते, बसची वाट पाहताना म्हणते. पण स्टूल सोडलं की सुटलं, तिथे कपडेपटातली बाई बसणार. शिवाय नवऱ्याचं काम करणारे आमचे राजे. जन्मभर राजांची कामं केली म्हणून सगळे त्यांना राजेच म्हणतात. ते हल्ली फार विसरतात. कुणाला कळत नाही, कारण ते अडखळायच्या आत मी शब्द देते. त्यांना माझ्या आवाजाची सवय झाली आहे. माझंही वय झालं. नाही म्हणून टाकावं असं वाटतं. तुझं काय मत?

लोभ आहेच. उत्तर लवकर टाकलंस तर वाढेलही.
तुझी ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाही म्हणायचं ठरलंच असतं, तर तू मला विचारलं नसतंस. विचारलंस, म्हणजे हो म्हणायला कुणीतरी धक्का द्यायला हवा आहे. घे, दिला.

माझ्या गल्ल्याशेजारी एक जाड काच असते. दुर्बीण करायची म्हणून घासायला घेतली होती, आठवतं? मग लग्न झालं, मुलं झाली, दुकान आलं. अर्धी घासलेली ती काच आता बिलं उडू नयेत म्हणून वर ठेवतो. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय आहे. मी सांगतो, काही नाही. पुरी केली असती तर बरं होतं. पार टाकून दिली असती तरी चाललं असतं. अर्धी ठेवली ती रोज डोळ्यांपुढे येते.

राजेंची काळजी राजे करतील. एवढे मोठे नट, स्वतःची वाक्यं पाठ करता येत नाहीत होय? तू स्टेजवर जा.

सगळ्यांचा नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा बारक्या (हल्ली वजनाने नव्हे)

१० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझा धक्का जरा जोरातच बसला. पहिल्या प्रयोगात मी माझी वाक्यं चोख म्हटली. पण राजे बोलत होते तेव्हा माझे ओठ हलत होते. नोकर बोलला तेव्हाही हलले. आत कुत्रं भुंकतं, तेव्हासुद्धा हलले असतील. लोक हसले. एका वर्तमानपत्राने लिहिलं, की परत आलेली बायको बहुधा मनातल्या मनात पाढे म्हणत असावी. दिग्दर्शक म्हणाले, हे थांबलं नाही तर दुसरी बाई बघावी लागेल.

मला ते कळतच नाही रे. आरशासमोर बसून बघितलं. कुणीही नाटकातलं वाक्य म्हटलं की ओठ आपले चालू. इतकी वर्षं सगळ्यांसाठी बोलून माझे ओठ माझे राहिलेच नाहीत.

लोभ असू दे. सध्या त्याची गरज आहे.
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

आधी पोटभर हसलो, मग वाईट वाटलं. खरं तेच लिहितो.

आई शिवायला बसली की ओठांत टाचण्या धरायची, आठवतं? आपण काहीही मागितलं तरी हूं नाही की चूं नाही. दुसरं कुणी बोलत असलं की तुझ्याही ओठांत तशा टाचण्या आहेत असं समज. स्वतःचं वाक्य आलं की काढ. मी पुढच्या महिन्यात, दहा तारखेच्या प्रयोगाला येतोय. चौथ्या रांगेत बसेन. भाषण ऐकल्याशिवाय हलणार नाही.

तिकिटाचे पैसे वाया जाणार नाहीत एवढा लोभ ठेव.
बारक्या

१२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तू आत आलीस, ओठ घट्ट मिटलेले दिसले आणि मला आईच दिसली. मग राजे बोलता बोलता थांबले आणि तुझ्याकडे बघत राहिले. मी सावरून बसलो, आता तुझं भाषण. पण तू एकदम जाऊन त्यांच्या खांद्यात तोंड लपवलंस आणि पडदा पडेपर्यंत आम्हाला तुझी पाठच दिसली. जे काय बोलले ते राजेच. शेजारची बाई रडत होती. टाळ्याही राजेंनाच.

ऐन वेळी पाठ जातं, मोठमोठ्यांचं जातं. शेवटची बस होती म्हणून भेटलो नाही, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे तुला काय म्हणावं तेच सुचेना. मी उगाच तुझ्या मागे लागलो. माझ्या काचेचं ओझं तुझ्या डोक्यावर दिलं.

माफ कर, आणि लोभ शिल्लक असला तर कळव.
बारक्या

२० एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला. जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव.

पाठ माझं गेलं नव्हतं, राजेंचं गेलं होतं. कपडेपटातल्या बाईने शब्द दिला, पुन्हा दिला, पुढच्या रांगेलाही ऐकू गेला असेल. त्यांच्यापर्यंत पोचला नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मी टाचण्या धरून उभी. एवढा घाबरलेला माणूस मी पाहिलेला नाही. मग मी गेले आणि त्यांच्या कानात एकेक वाक्य सांगत राहिले. माझं भाषण आलं, तेव्हा तोंड वर काढलं असतं तर ते पुन्हा एकटे पडले असते. म्हणून भाषण गाळलं आणि त्यांचं पुढचं वाक्य दिलं.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांकडे स्टूल परत मागितलं. कारण सांगितलं नाही. माझा धीर सुटला, असं ते समजले. राजे म्हणाले, बाई, तुम्ही काम सोडायला नको होतं. त्यांना काही आठवत नसावं.

तू स्वतःला बोल लावू नकोस. तुझ्या टाचण्यांमुळे आधीच्या प्रयोगांत ते भाषण मी पुरतं म्हटलं. चांगलं म्हटलं रे. तू ऐकलं नाहीस एवढंच राहिलं. आता ते माझ्या ओठांवरही आणत नाही, भाजी चिरतानासुद्धा. पार टाकून द्यायचं, तर ते तसंच. तुझ्या काचेचं तू बघ. घास नाहीतर देऊन टाक, पण बिलांवर ठेवू नकोस.

आता नवी नटी आली आहे. गुणी आहे. काल ती भाषणाच्या मध्यावर अडली. शब्द माझ्या जिभेवर होता. मी दिला नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला. तेवढा वेळ ते भाषण फक्त मला येत होतं. मग दिला.

प्रयोगानंतर ती स्टुलापाशी आली. तिला वाटलं, मलाच वाक्य सापडत नव्हतं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका. मी नुसती मान हलवली. टाचण्या ओठांतच होत्या.

लोभ आहे तेवढाच राहू दे. तो पुरतो.
तुझी ताई