अण्णांच्या नावाचं लॉगिन

४ मार्च, मंगळ.
वाशी, खव्याच्या डेपोचं हापीस. जुना सर्व्हर आज दोनदा बसला. सगळ्या गावांतल्या खव्याची वजनं त्याच्यावर येतेत, तो बसला की वजनकाटे बंद. मालकांनी, म्हणजे अण्णांनी, केबिनमधी बोलावलं. "नवीन घेऊ. त्याच्यावर सिस्टिमची कोणती एडिशन टाकायची ते तू ठरव, सुजाता. मला त्यातलं काय कळतंय." तेरा वर्षं झाली मला हितं, डाटा एन्ट्रीपासून. 'तू ठरव' पैल्यांदा म्हणले. आईला सांगितलं तर तिनं परत चहा ठेवला.

६ मार्च, गुरु.
पुण्याच्या सेल्सवाल्यानं लॉगिनची यादी मागितली. पाठवली. अकरा नावं. म्हणला, "एसेन्शियल्स घ्या मॅडम, सगळ्यात छोटी. पंचवीस माणसांपर्यंत चालते. मोठी, स्टँडर्ड, कशाला उगंच?" अण्णा खूश. मीबी व्हय म्हणले.

८ मार्च, शनि.
येरमाळ्याच्या काट्यावर गेले, केबल बघायला. यात्रा महिन्यावर आली, तिथं खवा लई लागतो. काट्यावर कौसामावशी. लॉगिन, "अण्णा". त्या उठल्या, रामभाऊ बसले. परत "अण्णा".
"मावशी, तुमचं नाव का न्हाय टाकलं?"
"मालकाच्या काट्यावर आपलं नाव कसं लावावं बाई? बरं दिसंना ते."
पासवर्ड सगळ्यांना पाठ. यादीत हे सगळे मिळून एकच नाव. ती यादी मीच दिली होती की.

११ मार्च, मंगळ.
सगळे काटे पालथे घातले, पार सोनारीपर्यंत. एका "अण्णा"मागं तेवीस माणसं. बाकीचे दहा. तेहतीस. अटी परत वाचल्या, डिक्शनरी घेऊन. माणसं मोजतेत, लॉगिन न्हाय. पंचवीसात आपण बसतच न्हाय.
पुण्याला फोन. "मॅडम, चालू द्या एकाच नावावर. कोण बघतंय?"
म्हणलं, मी बघतेय. लई बरं वाटलं.

१२ मार्च, बुध.
अण्णांना आधी माझी चूक सांगितली. मग स्टँडर्ड का, ते. प्रत्येक माणसाचं लायसन्स वेगळं लागणार, तेबी.
अण्णांनी आकडा परत विचारला. मग म्हणले, "तेवीस जण माझ्या नावानं वजनं करतेत. मग एखादं चुकलं तर चूक कुणाची?"
"तुमचीच."
हसले. म्हणले, स्टँडर्ड घे.

१८ मार्च, मंगळ.
ऑर्डर गेली. अण्णा स्वतः येरमाळ्याला आले. "माझं नाव पुरं झालं. आपापलं टाका." रामभाऊ लाजले. कौसामावशींनी एका बोटानं टाकलं, दोनदा चुकलं, मी मधी हात घातला न्हाय. झाल्यावर बघत बसल्या. "माझ्या नावावर घरबी न्हाय," म्हणल्या.

२७ मार्च, गुरु.
मशीन आलं. सेल्सवाला म्हणतो, यात्रेनंतर येऊन बसवतो. तोवर जुना टिकतोय व्हय! अण्णांना म्हणलं, मी बसवते. रविवारी.
मशीनसंगं आलेल्या कागदावर 'सर्व्हरची जबाबदारी' असा रकाना. त्यात अण्णांचं नाव छापून आलेलं. त्यांनी पेनानं खोडलं अन् माझं लिहिलं. पूर्ण, बापाच्या नावासकट.
सोमवारी पहाटे तेहतीस जण एकदम चालू करणार. सर्व्हर बसला, तर अण्णांचं नाव पुढं करायला जागा न्हाय आता. माझंच हाय.