चेलो राहणार

रविवार संध्याकाळ, नोव्हाय शहर

आमच्या आयरिश बँडचं नवं रेकॉर्डिंग आज पबमधल्या नेहमीच्या मंडळींना ऐकवलं. मिक्सिंग माझं. वाजवताना फिडलवाला, म्हणजे आमचा व्हायोलिनवाला, पायाने ठेका धरतो, तो मी नको असलेला आवाज समजून पुसून टाकला होता. सत्तरीतला शॉन लगेच म्हणाला, “पाय कुठे गेला? इंजिनिअर बाई, हे संगीत आहे की कार वॉशमधून निघालेली गाडी?” सगळे हसले. मी नाही.

ठेका परत घालेन, तेवढं मान्य. पण “तुझा चेलोही काढ, जुन्या सुरावटीला नटवायची गरज नसते,” हे शॉनने कशासाठी म्हणावं? नीट बसवलं की लगेच खोटं होतं? ती चेलोची साथ मी स्वतः बसवली आहे, कानाने, जीव लावून.

घरी आल्यावर आधी ठेका जागेवर घातला. मग चेलोचा आवाज अर्धा डेसिबल वाढवला आणि ‘फायनल’ म्हणून बँडला पाठवून दिलं.