श्रावणात काढलेली प्लेट

कसाल,
दि. १८ सप्टेंबर १९६४

चि. रविकांत यास आनंदीताईचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गणपती पाच दिवसांचे झाले. पाऊस अजून आहे.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांच्या भाचीला 'निष्काळजी' लिहितोस? 'माझी मेहनत पाण्यात घातलीस' म्हणतोस? दातांची प्लेट तू घडवलीस, पण अकरा महिने गिरगावात राहून टाळूला ती सोसली मथुराने. तू स्क्रू फिरवलास की पोर दोन दिवस पेजेवर राहायची. वरचा जबडा रुंदावला, पुढे आलेले दात आत गेले, ओठ मिटायला लागले. आता हाड घट्ट होईपर्यंत वर्षभर प्लेट काढून ठेवायची नाही, हे तिला पाठ होतं. तिला!

तिने हरवली नाही रे.

श्रावण लागला त्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "माशाक लागलेली ती वस्तू श्रावणात तोंडात? ह्या घरात चलाचा नाय." मी म्हटलं, उकळत्या पाण्याने धुते. तर जेवायलाच बसेनात. आमचे हे तंबाखू मळत बसले! मुलगी कोणाची, मी माहेराहून आणली काय?

मथुरा म्हणाली, "आये, मामान काढू नको म्हणान सांगल्यान हा."

मी काढली. माझ्या हाताने. ती रडत होती आणि मी म्हटलं, "एका म्हयन्यान काय जाता?" घरात कटकट नको, एवढ्यासाठी. श्रावण संपल्यावर लावायला गेले तर बसेना. जोर केला तेव्हा हिरडीतून रक्त आलं. दात पुन्हा पुढे सरकलेत. मग घाबरून तुला कार्ड लिहिलं, पोरीने प्लेट वहाळाच्या पाण्यात घालवली म्हणून.

तुझं उत्तर तिनेच आधी वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि भांडी घासायला गेली. मला सासूबाईंचा राग येतो, यांचा येतो, तुझाही येतो. पण त्या दिवसापासून मला माझं तोंड बघवत नाही.

रविवारी शंकरभावोजींबरोबर तिला मुंबईला पाठवते आहे. सासूबाईंना सांगितलंय, विचारलेलं नाही. नवी प्लेट कर. हाड धरेपर्यंत तिला परत धाडू नकोस. मे महिन्यात आंब्यांना पाठव म्हणून मी लिहीन, रडून लिहीन. तरी पाठवू नकोस.

हे पत्र तिच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.

आनंदी