प्राची कच्ची नाही

ताईस नमस्कार,

प्राचीला पुण्याच्या बॉक्सिंग अकादमीत पाठवू का, असं तू विचारलंस आणि मी फोनवर ‘अजून कच्ची आहे’ म्हणालो. ते खोटं होतं. तिचा डावा ठोसा खांदा न हलता निघतो, समोरचीला कळतच नाही. खोड एकच. ठोसा लागला की ती वळून माझ्याकडे पाहते. चिखलीच्या स्पर्धेत तेवढ्यात तिचं नाक फुटलं.

“काऊन पाहून राह्यली वं माह्याकडं?” मी खेकसलो.

“मामा, तुमीच त म्हनता, ‘मले इचारल्याबिगर ठोसा बरोबर समजू नोको’!”

मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, याचा मला केवढा गर्व. दुसरा कोच ही खोड कुणाची ते लगेच ओळखेल, म्हणून पोरीला अडवलं.

पाठव तिला. उद्या फोनवर मी पुन्हा ‘कच्ची’ म्हणालो, तरी पाठव.

तुझा,
उकंडराव