अबोली या नावानं

३ जून
झाले एकदाची सामील! क्रोशा विणणाऱ्या बायकांचा ऑनलाइन ग्रुप. माझं नाव तिथं – अबोली. फोटोच्या जागी फूल. गाव, जन्मतारीख, फोन – सगळं कोरं. ईमेलसुद्धा नवा काढला.

घरमालकीण तानाबाई बघत होत्या. "एवढं लपवायचं, तर जायाचंच कशाला गं?"

कशाला? कोल्हापूरला शिवाजी पेठेत येऊन वर्ष होईल, पण आदितीशिवाय मी कुणाशी पोटभर बोललेच नाही. सात वर्षांच्या लेकीशी तरी काय काय बोलणार!

पण नवऱ्याला विसरून चालत नाही. कोर्टानं जवळ यायला मनाई केलेली, तरी विश्वजितनं आमचं मिरजेतलं घर शोधलंच. मैत्रिणीनं टाकलेल्या वाढदिवसाच्या एका फोटोवरून. त्या दिवशी शेजारी धावून आले म्हणून वाचलो.

६ जून
आज टाके मोजताना चुकले, सगळं उसवलं. ग्रुपवर सांगितलं तर चौघींनी आपापली उसवलेली टोपरी दाखवली. खूप हसले. आदिती म्हणाली, "आई, तुझा आवाज एवढा मोठा आहे?"

१० जून
टोपी पूर्ण! आदितीला खिडकीपाशी बसवून पाठमोरा फोटो काढला, टाकला. केवढं कौतुक!

मग तेजस्वी नावाच्या नव्या बाईनं विचारलं – "मागं तालमीचा बोर्ड दिसतोय. कोल्हापूर का?"

मी फक्त टोपी बघत होते, खिडकीबाहेर पाहिलंच नव्हतं! फोटो लगेच ग्रुपवरून पुसला. पण ज्याला बघायचं त्यानं बघितला असेल तर?

तानाबाईंना सांगितलं. "येऊ दे की त्याला! मी हाय न्हवं हितं? सगळी तालीम गोळा करतो."

११ जून
तेजस्वीचा खासगी निरोप. "घरी कोण कोण असतं? मिस्टर काही म्हणत नाहीत?"

तोच असणार. बायकांच्या नावानं खाती काढायची त्याची जुनी सवय.

उत्तर दिलं नाही. ग्रुप सोडायचा. पुन्हा गप्प बसायचं.

१२ जून
नाही सोडला! ग्रुप चालवणाऱ्या पद्मावतीबाईंना कळवलं. त्या कुरुंदवाडच्या, सगळ्या त्यांना पद्माक्का म्हणतात. गरजेपुरतंच सांगितलं – एका माणसापासून मला धोका आहे, आणि ही बाई फार चौकशा करते, म्हणून ग्रुप सोडावा म्हणते. नाव-गाव त्यांनाही नाही सांगितलं.

आवाजी निरोप आला – "तू कशाला जातीस? तुझं काय चुकलंय? त्या खात्याचं मी बघतो. आणि तुझं नाव मला नगंच. टाके तेवढे नीट घाल."

ऐकून रडू आलं. चांगलं रडू.

१४ जून
पद्माक्कांनी ग्रुपवर ठणकावलं – "हितं कुणी कुणाला गाव, फोन, घरचं विचारायचं न्हाय. आपणहून सांगितलं तरच ऐकायचं. पोरांचे गणवेशातले फोटो आजच पुसून टाका."

मला वाटलं, बायका चिडतील. उलट संध्याकाळपर्यंत किती जणींनी फोटो पुसले! एकीनं लिहिलं, "शाळेचं नाव दिसतंय हे आजवर डोक्यातच आलं नाही." तिघींनी नावंही बदलली. मोगरा, शेवंती, बकुळ – अबोलीला सोबत!

फोटो आता आधी भिंतीपुढे काढते, मग चारही कोपरे बघते. आदितीला तर तो खेळच झालाय. "आई, इकडं कॅलेंडर दिसतंय!"

तेजस्वी गप्प आहे. भीती गेली नाही. पण काल रुमाल विणायला घेतला.

१७ जून
पद्माक्कांचा निरोप. त्या तेजस्वीशी समोरासमोर व्हिडिओवर बोलल्या. बाईच आहे. ओठ फुटलेला. मांडीवर लहान लेक. तिला एवढंच विचारायचं होतं – नाव-गाव न सांगता, एकटीनं लेकीला घेऊन राहता येतं का?

"पत्ता न्हाय द्यायचा हं," पद्माक्का म्हणाल्या. "पण उत्तर दे."

पहिली ओळ लिहिली – राहता येतं. हे वाचून झालं की लगेच पुसून टाक.